अकरा हजार दोनशे चाळीस

मोजणीदारासमोर ‘जवळच आहे’ असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. जवळ म्हणजे किती? शंभर पावलं की चारशे? आणि पावलं तरी कुणाची, तुमची की माझी? एखाद्या वाट चुकलेल्या माणसाने नुसता पत्ता विचारावा आणि या गृहस्थाने त्याला पोस्टाच्या पेटीपासून एकशे साठ मीटर, तिथून डावीकडे बावीस, असं सांगत सुटावं. तो बिचारा मान हलवत निघून जायचा आणि पुढच्या वळणावर दुसऱ्या कुणाला तरी विचारायचा.

चौतीस वर्षं त्याने लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. साखळी, खुंट, नकाशा, ऊन आणि भांडणारे दोन पक्ष, एवढंच त्याचं जग. निवृत्त झाला तरी गल्लीत त्याला सगळे मोजणीदारच म्हणत. बायको चिडली की ‘फूटपट्टी’ म्हणायची आणि लाडात आली तरी तेच म्हणायची. फरक फक्त आवाजात असायचा, आणि तो ओळखायला त्याला लग्नानंतर चांगली दहा वर्षं लागली होती.

त्यांची मुलगी, म्हणजे ठमी, दूरदेशी नोकरीला गेली तेव्हा बायको शिलाईच्या मशीनवर बसून दोन दिवस नाक ओढत होती. “किती लांब गेली हो माझी पोर!” हे तिचं पालुपद. तिसऱ्या दिवशी मोजणीदाराने तिच्याच रिळातला दोरा तोडून घेतला, ऑफिसातल्या मंडळींनी निरोपाला दिलेला पृथ्वीचा गोल मांडीवर घेतला आणि या गावापासून त्या गावापर्यंत दोरा ताणून धरला. भिंतीवरच्या सपाट नकाशावर असली अंतरं मोजणाऱ्यांची त्याला भारी चीड. पृथ्वी वाटोळी असताना कागदावर पट्टी ठेवून बसायचं म्हणजे अकलेचं दिवाळंच की! त्याने दोरा मोजला, पुन्हा लावला, पुन्हा मोजला आणि जाहीर केलं, “अकरा हजार दोनशे चाळीस किलोमीटर. विमान ताशी साडेआठशेने जातं असं धरलं, तर सव्वातेरा तास.”

“एवढंच?” बायकोने नाक पुसलं. “सव्वातेरा तासांत तर माझ्या चार परकरांची शिलाई होते.”

तीन वर्षांनी ठमी पहिल्यांदा घरी आली ती सरळ विमानाने, मध्ये कुठे न थांबता. विमानतळाच्या कठड्यापाशी हा माणूस घड्याळ हातात धरून उभा! साडेतेरा तास लागले होते. म्हणजे पंधरा मिनिटांची चूक, आणि तीही समोरून वारा असणार म्हणून. “पोर तीन वर्षांनी दिसतेय आणि हे मेले घड्याळ बघतायत,” असं बायको सगळ्यांसमोर म्हणाली, पण मनातून तिलाही बरं वाटलं होतं. त्या दिवसापासून त्या घरात ठमी तेरा तासांवर राहायची. शेजारणीने विचारलं की बायको तसंच सांगायची, तेरा तास, म्हणजे उद्या सकाळी बोलावलं तर रात्रीच्या जेवणाला हजर.

आता त्याची दुसरी खोड सांगायला हवी, कारण सगळा घात तिनेच केला. एका मोजणीवर तो कधीच बोलत नसे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी दोन भावांच्या जागेची हद्द त्याने एकदाच मोजली आणि तिथल्या तिथे सांगून टाकली. थोरल्याची भिंत धाकट्याच्या जागेत चार हात आली होती म्हणे. दुसऱ्या दिवशी धाकट्याने माणसं लावून ती पाडली, आणि भिंतीमागे थोरल्याचं स्वयंपाकघर होतं. आठवड्याने कळलं की साखळीची एक कडी वाकलेली होती आणि भिंत होती तिथेच बरोबर होती. थोरला भाऊ शिव्या द्यायला आला असता तर परवडलं असतं. तो नुसता ऑफिसच्या दारात उभा राहिला, याच्याकडे पाहिलं आणि निघून गेला. तेव्हापासून मोजणीदाराने कानाला खडा लावला. फेरमोजणी झाल्याशिवाय तोंडातून अक्षर काढायचं नाही. पक्षकार पाया पडोत नाहीतर अंगावर येवोत, हा आपला म्हणायचा, “उद्या परत मोजतो, मग बोलतो.” पुढच्या तेहतीस वर्षांत त्याचा एकही निकाल फिरला नाही. त्याला याचा फार अभिमान होता, आणि का नसावा?

बायकोला धाप लागायला लागली ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला. जिना चढताना थांबायची, मशीन चालवताना थांबायची. मग एका सोमवारी तिला वॉर्डात दाखल केलं, छातीतलं पाणी काढलं, तपासायला पाठवलं. बुधवारी दुपारी बारा वाजता डॉक्टरीणबाईंनी मोजणीदाराला आपल्या खोलीत बोलावून घेतलं. वयाने त्या ठमीएवढ्याच असतील. त्यांनी समोरचा कागद फिरवून त्याच्याकडे केला आणि म्हणाल्या, “काका, खूप पसरलंय. आठवडा म्हणा, कदाचित तेवढाही नाही. जवळच्या माणसांना बोलावून घ्या.”

मोजणीदाराची चौतीस वर्षांची सवय अशी जाते होय? त्याने कागद नीट वाचला आणि विचारलं, “हे एकाच तपासणीवरून?”

“दुसरा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलाय. तो शुक्रवारी येईल. पण काका, त्यात फार काही वेगळं...”

“शुक्रवारी ना? मग शुक्रवारी बघू.”

वॉर्डात परत आला तेव्हा बायको उशीला टेकून बसली होती. तिने त्याचं तोंड पाहिलं. मग म्हणाली, “ठमीला एकदा बघावंसं वाटतंय हो.”

“बोलावू की. रिपोर्ट येऊ दे दुसरा.”

“बरं बाई. होऊ दे तुमची फेरमोजणी.” ती हसली आणि खोकत राहिली.

बुधवार गेला, गुरुवार गेला. या दोन दिवसांत त्याने ठमीला फोन केला नाही असं नाही. गुरुवारी केला होता. “आईची तब्येत जरा नरम आहे, तपासण्या चालू आहेत,” एवढंच बोलला. पोरीने दोनदा विचारलं, “मी येऊ का बाबा?” आणि हा शहाणा म्हणतो, “शुक्रवारी सांगतो.” त्याच्या डोक्यात हिशेब पक्का होता. डॉक्टरीणबाई म्हणतात आठवडा. कमीत कमी धरला तरी चार दिवस. ठमी तेरा तासांवर. मग अर्धवट माहितीवर पोरीचा जीव टांगणीला का लावायचा? तिच्या काळजाची भिंत आपण एका मोजणीवर पाडायची आणि नंतर कळायचं की कडी वाकडी होती! तसं कळेल अशी आशाही होतीच त्याला. ती त्याने कुणाला सांगितली नाही, पण गुरुवारी रात्रभर बाकड्यावर बसून तो त्या आशेलाच चिकटून होता.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता दुसरा कागद आला. दोन्ही कागद त्याने शेजारी शेजारी ठेवले आणि ओळीला ओळ लावून पाहिली. मग जिन्यात जाऊन फोन लावला. ठमीकडे पहाटेचे तीन वाजले होते, तरी तिने पहिल्याच घंटेला उचलला.

“निघ बेटा,” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता निघ. चार-पाच दिवस आहेत म्हणतात, पण तू निघ. रात्रीपर्यंत पोचशील ना?”

पलीकडे आधी रडणं, मग कीबोर्डचा खडखडाट. मग ठमीचा आवाज आला, एकदम बारीक. “बाबा, ते सरळ विमान बंद झालंय.”

“बंद? कधी?”

“आठ महिने झाले. तुम्हाला बोलले नव्हते का मी?”

नव्हती बोलली. का बोलावं? घरी यायचं ठरलं असतं तर बोलली असती. मोजणीदाराने खिशातलं पेन काढलं आणि रिपोर्टच्या पाकिटावर ती सांगेल तसं लिहून घेतलं. पहिली जागा मिळते ती तिच्या संध्याकाळच्या सात वाजता, म्हणजे इथे पहाटेचे तीन. ते विमान आधी सहा तास उलट्याच दिशेला जाणार. तिथे अकरा तास बसायचं. मग बारा तासांचा प्रवास, मग चार तास थांबायचं, मग पाच तास. त्याने बेरीज केली, फेरबेरीज केली. इथे रविवारी संध्याकाळचे पाच. आयुष्यात प्रथमच त्याचं एक अंतर बरोबर मोजूनही चुकलं होतं. गोलावरचा दोरा खरा होता हो, पण त्या दोऱ्यावरून आता कुणी जात नव्हतं.

वॉर्डात बायको वाटच बघत होती. “झाला फोन? येतेय ना?”

“येतेय.”

“तेरा तास ना?”

आता इथे खरं सांगायचं. चोपन्न तास आहेत अगं, रविवारी संध्याकाळी पाच. पण तिच्या तोंडावर केवढं हसू पसरलं होतं! त्याने मान हलवली. हो म्हणून हलवली. ज्या माणसाने चौतीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नाही, त्याने बायकोला खोटा आकडा दिला.

त्या संध्याकाळी तिला काय उमेद आली होती म्हणता! सिस्टरला सांगून केस विंचरून घेतले, अर्धा कप चहा घेतला, पलीकडच्या खाटेवरच्या मावशींना ठमीच्या शाळेतले उद्योग सांगितले. ठमीने गणिताच्या बाईंच्या खुर्चीला डिंक लावला होता तो किस्सा सांगताना तर इतकी हसली की सिस्टर धावत आली. मोजणीदार कोपऱ्यात स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होता. आत्ता ठमी इथे हवी होती, असं त्याला वाटत होतं, आणि ती का नाही हे त्या खोलीत फक्त त्यालाच माहीत होतं.

शनिवारी सकाळी दहाला डोळे उघडल्या उघडल्या तिने दाराकडे पाहिलं.

“आली?”

“निघायला उशीर झाला विमानाला. धुकं होतं.”

“आता किती राहिलं?”

“सात हजार.”

सात हजार कसले डोंबलाचे! ठमी त्या वेळी भलत्याच शहरात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि तिथून हे गाव तिच्या घरापासून होतं त्यापेक्षाही लांब होतं. दुपारी बायकोने परत विचारलं. त्याने पाच हजार सांगितले. संध्याकाळी साडेतीन हजार. तिची धाप वाढली होती, दोन शब्दांमध्ये थांबावं लागत होतं, तरी चेष्टा सुटली नव्हती. “विमान आहे... का सायकल?” तो हसला. हसला आणि उठून बाहेरच्या नळावर जाऊन तोंड धुतलं, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

सात वाजता ठमीचा फोन आला, पुढच्या विमानात बसायच्या आधी. मोजणीदार फोन घेऊन आधी जिन्यात गेला. “हे बघ, तिला शहराचं नाव सांगू नकोस. अगदी जवळ आलेय म्हणून सांग.”

“का बाबा?”

“मी म्हणतो म्हणून सांग.”

मग त्याने फोन बायकोच्या कानाला लावला. “ठमे,” ती म्हणाली, “कुठं... आहेस गं?”

पलीकडून पोरीचा आवाज त्यालाही ऐकू आला. “जवळच आहे, आई. अगदी जवळ.”

“जेवलीस?”

“हो. जेवले.”

“मग ये सावकाश. मी... आहे.”

फोन ठेवल्यावर बायकोने डोळे मिटले आणि त्याचा हात धरला. रात्री ती बहुतेक झोपेतच होती. पहाटे डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, नाडी पाहिली, आणि जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मोजणीदाराला ते समजलं. तरी त्याने पाकीट काढून आकडे परत तपासले. कुठेतरी एखादा तास चुकून जास्त धरला असेल तर! नव्हता धरला. रविवारी सकाळी आठ ते बारा ठमी तिसऱ्या विमानतळावर होती. बाराला तिने निरोप पाठवला, “बसले. पाच तास.” त्यानंतर तिचा फोन बंद.

सव्वाबाराला बायको जागी झाली. नजर बरोबर दारावर.

“उतरली,” तो तिने विचारायच्या आतच म्हणाला. “टॅक्सीत बसलीय. आता काय, वीस मिनिटं.”

“दार...”

त्याने उठून वॉर्डाचं दार सताड उघडलं. सिस्टर म्हणाली, “काका, वारा येतोय, पेशंटना त्रास होतो.” त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि दाराला पाठ लावून तिथेच उभा राहिला. कॉरिडॉरमधून कुणाच्या पावलांचा आवाज आला की बायकोच्या भुवया जरा उचलल्या जायच्या. कपडे नेणारी बाई गेली. डबे घेऊन आलेले लोक गेले. कुणाची तरी मुलगी चपला वाजवत पळत गेली, तेव्हा बायकोच्या ओठांची थोडी हालचाल झाली. काही म्हणाली असेल तर ते त्याला ऐकू आलं नाही, कारण तो दाराशी उभा होता, खाटेशी नव्हता. बारा चाळीसला सिस्टरने त्याला हाक मारली.

पुढचे चार तास त्याने सह्या केल्या. कागद पुढे यायचे, तो नाव लिहायचा, तारीख लिहायचा, वेळ लिहायचा. वेळ मात्र दर वेळी न चुकता बारा चाळीसच लिहिली.

साडेचारला तो विमानतळावर गेला. ठमीला फोनवर सांगता आलं असतं, पण ती आकाशात होती, आणि खरं सांगायचं तर ती आकाशात आहे याचं त्याला बरंच वाटत होतं. तोपर्यंत एका माणसासाठी तरी त्याची बायको जिवंत होती. तो कठड्यापाशी उभा राहिला. माणसं ढकलगाड्या लोटत बाहेर येत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती, आणि त्याला त्या सगळ्यांचा राग येत होता. कुणाची बायको आलीये, कुणाची पोर, आणि वेळेवर आलीये! काय केलंय त्यांनी असं, जे माझ्या हातून झालं नाही? पाच वीसला ठमी बाहेर आली. खांद्यावर एकच पिशवी, केस विस्कटलेले, जवळजवळ पळतच होती. बाहेर टॅक्सीच्या रांगेकडे वळली आणि तिला तो दिसला.

ती जागच्या जागी थांबली.

“बाबा, तुम्ही इथे?” ती म्हणाली. “मग आईजवळ कोण आहे?”

त्याने मान खाली घातली. ठमीने पिशवी खाली टाकली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बापाने जवळ जायला हवं होतं. तो गेलाही, पण तिला हात लावायचा त्याला धीर होईना.

मग दोघं भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसली. ती रडली, खूप वेळ रडली, मग विचारत गेली. किती वाजता? त्रास झाला का? माझी आठवण काढली का? त्याने एकेक उत्तर दिलं. फोनवर ‘जवळ आलेय’ का सांगायला लावलं तेही सांगितलं. मग ती नाक पुसत म्हणाली, “डॉक्टरांनी पहिल्यांदा कधी सांगितलं?”

शुक्रवारी म्हणाला असता तर चाललं असतं. कोण विचारायला जाणार होतं? आणि गेले तीन दिवस त्याच्या जिभेला खोट्या आकड्यांची चांगली सवय झाली होती. पण येताना टॅक्सीत त्याने तोही हिशेब करून ठेवला होता, न करता राहवलंच नव्हतं. बुधवारी दुपारी फोन केला असता, तर हीच तीन विमानं, पहिल्या विमानात बसल्यापासून हेच अडतीस तास, शुक्रवारी संध्याकाळी पाच. बायको केस विंचरून, उशीला टेकून चहा पीत होती ती वेळ.

“बुधवारी,” तो म्हणाला. “दुपारी बारा वाजता.”

“आणि मला शुक्रवारी सांगितलंत?”

“दुसरा रिपोर्ट यायचा होता बेटा.”

“मग? काय आलं त्यात?”

“तेच.”

ठमी त्याच्याकडे बघत राहिली. तिने खाली पडलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिचा पट्टा सरळ करत बसली.

“बुधवारी मी सुट्टीवर होते, बाबा,” ती म्हणाली. “घरीच होते दिवसभर. काही काम नव्हतं, म्हणून कपाट आवरत बसले होते.”